जोझेफ बर्त्राँ

जोझेफ लुई फ्रांस्वा बर्त्राँ (जन्म : ११ मार्च १८२२, पॅरिस, मृत्यू : एप्रिल १९००, पॅरिस) हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत फ्रेंच गणितज्ञ, अध्यापक व ग्रंथकार होते. मूळ संख्यांविषयीचे गृहीतक, ग्रहकक्षांविषयीचा सिद्धांत, मतमोजणीचा प्रश्न आणि वर्तुळातील यादृच्छिक जीवेचा विरोधाभास यांमुळे त्यांचे नाव आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. यांपैकी शेवटच्या विरोधाभासाचे महत्त्व संगणकाच्या काळात विशेष वाढले. वर्तुळाच्या परिघावर, त्रिकोणाच्या बाजूंवर किंवा गोलाच्या पृष्ठभागावर एखादा बिंदू यादृच्छिकपणे, म्हणजे केवळ दैवावर सोडून, निवडायचा तर नेमके काय करायचे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याचे उत्तर द्यावे लागते.

इंग्रजी उच्चारावरून मराठी पुस्तकांत त्यांचे नाव ‘बर्ट्रांड’ असेही लिहिलेले आढळते. नावाच्या साम्यामुळे विद्यार्थी कधी कधी त्यांना ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल समजतात. त्या दोघांचा काहीही संबंध नाही.

बालपण व शिक्षण

बर्त्राँ यांचे वडील अलेक्सांद्र हे पेशाने वैद्य होते आणि विज्ञानविषयक लेखनही करीत. जोझेफ नऊ वर्षांचे असतानाच वडिलांचे निधन झाले व त्यांच्या संगोपनाचा भार आत्याच्या यजमानांनी, म्हणजे गणितज्ञ झाँ-मारी द्युआमेल यांनी उचलला. द्युआमेल हे एकोल पॉलितेक्निक या पॅरिसमधील प्रख्यात तांत्रिक विद्यालयात शिकवीत असत. नवव्या वर्षी या मुलाला बीजगणित व भूमिती समजत होती आणि लॅटिन भाषाही अस्खलित येत होती. अकराव्या वर्षी त्याला एकोल पॉलितेक्निकमधील व्याख्यानांना बसण्याची मुभा मिळाली. आपल्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या तरुणांच्या शेजारी बसून हा मुलगा गणित ऐकत असे. सोळाव्या वर्षी पदवी आणि सतराव्या वर्षी डॉक्टरेट मिळाल्यावर मग १८३९ साली तो त्याच विद्यालयात रीतसर विद्यार्थी म्हणून दाखल झाला, तोही प्रवेशपरीक्षेत पहिला येऊन. क्रम उलटा असला तरी त्या काळच्या फ्रान्समध्ये एकोल पॉलितेक्निकचा शिक्का डॉक्टरेटपेक्षा अधिक मोलाचा मानला जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील कोडे उलगडते.

व्हर्सायचा रेल्वे अपघात

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीला म्यूदों येथे भीषण अपघात झाला. व्हर्साय येथे राजाच्या सन्मानार्थ झालेला उत्सव पाहून लोक परतत होते. इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर आदळले आणि आग भडकली. प्रवाशांनी मध्येच उतरू नये म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद करण्याची तेव्हा पद्धत होती; त्यामुळे अनेकांना बाहेर पडता आले नाही. दक्षिण ध्रुवीय प्रदेशाचे संशोधन करणारे दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हिल हे पत्नी व मुलासह या अपघातात मृत्युमुखी पडले. वीस वर्षांचे जोझेफ आणि त्यांचे थोरले बंधू अलेक्सांद्र याच गाडीत होते. दोघेही वाचले; परंतु जोझेफ यांच्या चेहऱ्यावरील जखमांचे व्रण जन्मभर राहिले. पुढे दोन वर्षांनी, १८४४ साली, त्यांचा विवाह लुईझ सेलीन आक्लोक यांच्याशी झाला.

अध्यापन व मूळ संख्यांविषयीचे गृहीतक

१८४१ पासून बर्त्राँ कॉलेज सें-लुई येथे शिकवू लागले होते. १८५६ साली ते एकोल पॉलितेक्निकमध्ये प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी स्टुर्म यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी विज्ञान अकादमीवर निवडून आले. कॉलेज द फ्रान्समध्ये ते आधी बियो यांच्या जागी बदली व्याख्याते म्हणून शिकवीत असत. १८६२ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले. अंकगणित व बीजगणित यांवरील त्यांची शालेय पुस्तके फ्रान्समध्ये दीर्घकाळ वापरात होती.

१८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी एका बीजगणितीय निबंधात एक विधान केले. एकाहून मोठी कोणतीही संख्या घेतली तरी ती संख्या व तिची दुप्पट यांच्या दरम्यान निदान एक मूळ संख्या सापडते. उदाहरणार्थ १० व २० यांच्या दरम्यान ११, १३, १७ व १९ या मूळ संख्या आहेत. बर्त्राँ यांनी तीस लाखांपर्यंतच्या संख्यांसाठी हे विधान कोष्टकांवरून पडताळून पाहिले; पण सिद्धता त्यांना सापडली नाही आणि तसे भासवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. विधानाला त्यांनी गृहीतकाचा दर्जा दिला आणि त्याच्या आधारे पुढचे काम केले. ही सिद्धता रशियन गणितज्ञ चेबिशेव यांनी १८५२ साली दिली. बर्त्राँ यांचे नाव मात्र विधानाला कायमचे चिकटले, आणि सिद्ध होऊनही ते ‘गृहीतक’च म्हणवले जाते.

या गृहीतकाचा भारताशीही संबंध आहे. श्रीनिवास रामानुजन यांनी त्याची अतिशय आटोपशीर सिद्धता १९१९ साली भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या संस्थेचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. त्यानंतर १९३२ मध्ये हंगेरीचे तरुण गणितज्ञ पॉल एर्देश यांनी आणखी एक प्राथमिक सिद्धता दिली.

जळालेली हस्तलिखिते

अवकलन व समाकलन या विषयांवरील बर्त्राँ यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १८६४ मध्ये व दुसरा १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरा खंड अवकल समीकरणांवर असणार होता आणि त्याचे हस्तलिखित तयार होते. याच सुमारास फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले, पॅरिसला वेढा पडला आणि १८७१ च्या वसंतात शहरात कम्यूनची सत्ता आली. त्या सत्तेच्या अखेरच्या दिवसांत पॅरिसमध्ये जे वणवे पेटले त्यांत बर्त्राँ यांचे घर भस्मसात झाले. तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित त्यात गेले, ऊष्मागतिकीवरील लेखनही गेले. ऊष्मागतिकीवरचे पुस्तक त्यांनी पुढे नव्याने लिहून १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. तिसरा खंड मात्र पुन्हा कधीच लिहिला गेला नाही, आणि तो ग्रंथ दोन खंडांवरच थांबला.

या आघातानंतर बर्त्राँ यांच्या लेखनाची दिशा काहीशी बदललेली दिसते. १८७४ साली ते विज्ञान अकादमीचे स्थायी सचिव झाले. दिवंगत शास्त्रज्ञांची चरित्रे लिहून ती सभेत वाचणे हे या पदाचे एक काम असे, आणि ते त्यांनी पंचवीस वर्षे केले. दालाँबेर व पास्कल यांची स्वतंत्र चरित्रे त्यांनी लिहिली. कोपर्निकसपासून न्यूटनपर्यंतच्या खगोलशास्त्रज्ञांवरील त्यांचे पुस्तक त्याआधीच, १८६५ मध्ये, आले होते. फ्रेंच भाषेची जपणूक करणाऱ्या फ्रेंच अकादमीवर १८८४ साली त्यांची निवड झाली. गणितज्ञाला हा मान क्वचित मिळतो.

१८७३ सालचा त्यांचा एक छोटा निबंध येथे नोंदवणे आवश्यक आहे. एका केंद्राकडे ओढणाऱ्या बलाखाली फिरणाऱ्या वस्तूच्या सर्व बद्ध कक्षा बंद, म्हणजे पुन्हा आरंभबिंदूला येऊन मिळणाऱ्या असाव्यात, अशी अट घातली तर केवळ दोनच बले तीत बसतात, असे त्यांनी दाखवले. एक न्यूटनचे अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातील बल आणि दुसरे स्प्रिंगप्रमाणे अंतराच्या सम प्रमाणात वाढणारे बल. १८८३ साली त्यांनी अर्थशास्त्रज्ञ कूर्नो व वालरास यांच्या पुस्तकांचे परीक्षण लिहिले. आज अर्थशास्त्रात ‘बर्त्राँ स्पर्धा’ या नावाने जे प्रतिमान शिकवले जाते त्याचे बीज या परीक्षणातील मोजक्या ओळींत आहे. त्यात कूर्नो यांची मांडणी पुरेशी न्याय्य रीतीने सांगितलेली नाही, हेही मान्य करावे लागते.

संभाव्यतेवरील ग्रंथ

संभाव्यतेकडे बर्त्राँ फार पूर्वीच वळले होते. निरीक्षणांतील चुकांचा विचार करणारे गाउस यांचे लेखन त्यांनी १८५५ साली फ्रेंचमध्ये आणले होते. १८८७ मध्ये त्यांनी मतमोजणीचा प्रश्न मांडला. दोन उमेदवारांपैकी एकाला ६० व दुसऱ्याला ४० मते पडली असतील, तर मते एकेक करून मोजताना विजयी उमेदवार पहिल्या मतापासून शेवटपर्यंत सतत पुढेच राहण्याची संभाव्यता किती? उत्तर आश्चर्यकारक रीतीने सोपे आहे. मतांतील फरक भागिले एकूण मते, म्हणजे येथे १०० पैकी २० अथवा एक-पंचमांश.

१८८९ साली त्यांचा संभाव्यतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते. ग्रंथाचा सूर सावध, प्रसंगी खोचक आहे. न्यायालयाचा निकाल बरोबर असण्याची संभाव्यता गणिताने काढू पाहणाऱ्या काँदोर्से, लाप्लास व प्वासाँ या थोरांचीही त्यांनी गय केली नाही. वायूच्या रेणूंच्या वेगांविषयी मॅक्सवेल यांनी केलेल्या युक्तिवादातील एक अप्रमाणित गृहीत त्यांनी उघड केले. याच ग्रंथात तीन पेट्यांचा विरोधाभास आहे. प्रत्येक पेटीत दोन खण. एका पेटीत दोन्ही खणांत सोन्याची नाणी, दुसरीत दोन्ही चांदीची, तिसरीत एक सोन्याचे व एक चांदीचे. एक खण उघडला आणि सोन्याचे नाणे निघाले, तर त्याच पेटीच्या दुसऱ्या खणातही सोनेच असण्याची संभाव्यता किती? निम्मी, असे बहुतेक जण म्हणतात. खरे उत्तर दोन-तृतीयांश आहे, कारण सोन्याची तीन नाणी असून त्यांपैकी दोघांचा जोडीदार सोन्याचा आहे.

जीवेचा विरोधाभास

ग्रंथाच्या आरंभीच बर्त्राँ यांनी एक साधा इशारा दिला आहे. शून्य ते शंभर यांमधील एखादी संख्या यादृच्छिकपणे निवडली तर ती ५० हून मोठी असण्याची संभाव्यता निम्मी वाटते. संख्या ५० हून मोठी असेल तर तिचा वर्ग २,५०० हून मोठा असतो. मात्र संख्येऐवजी शून्य ते दहा हजार यांमधून तिचा वर्गच यादृच्छिकपणे निवडला, तर तो २,५०० हून मोठा असण्याची संभाव्यता तीन-चतुर्थांश येते. गोष्ट एकच, उत्तरे दोन.

हीच अडचण भूमितीत आणून त्यांनी पुढील प्रश्न घातला. एका वर्तुळात यादृच्छिकपणे एक जीवा काढली. वर्तुळात अंतर्लिखित केलेल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा ती जीवा लांब असण्याची संभाव्यता किती?

पहिली रीत अशी. जीवेचे एक टोक परिघावर कोठेही धरा. वर्तुळ सर्व बाजूंनी सारखे असल्याने त्याने काही बिघडत नाही. ते टोक समभुज त्रिकोणाचा एक शिरोबिंदू माना. उरलेले दोन शिरोबिंदू परिघाचे तीन समान भाग करतात आणि जीवेचे दुसरे टोक समोरच्या भागात पडले तरच जीवा बाजूपेक्षा लांब होते. उत्तर एक-तृतीयांश. परिघावर दोन बिंदू यादृच्छिकपणे घेऊन ते जोडणे, म्हणजे हीच रीत.

दुसरी रीत अशी. जीवेची दिशा आधी ठरवा आणि त्या दिशेला लंब असलेल्या व्यासावर जीवेचा मध्य कोठे पडतो ते दैवावर सोडा. मध्य केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येच्या आत असेल तर जीवा लांब. उत्तर निम्मे.

तिसऱ्या रीतीत जीवेचा मध्य वर्तुळाच्या संपूर्ण क्षेत्रफळातून निवडायचा. तो अर्ध्या त्रिज्येच्या लहान वर्तुळात पडायला हवा, आणि त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ मूळच्या एक-चतुर्थांश आहे. उत्तर एक-चतुर्थांश.

तिन्ही रीतींत हिशोबाची चूक नाही. बर्त्राँ यांचा निष्कर्ष असा की, यांतले कोणतेही उत्तर खोटे नाही आणि कोणतेही खरेही नाही. प्रश्नच नीट मांडलेला नाही. दोष त्यांनी अनंताच्या माथी मारला. अनंत ही काही संख्या नव्हे, तेव्हा अनंत पर्यायांतून यादृच्छिक निवड करा असे नुसते सांगण्याला अर्थ नाही, अशी त्यांची भूमिका होती.

गोलावरील दोन बिंदू

जीवेचा प्रश्न प्रसिद्ध झाला. त्याच ग्रंथातील गोलाचा प्रश्न तेवढा प्रसिद्ध नाही, पण आजच्या दृष्टीने तो अधिक उद्बोधक आहे. त्याची पार्श्वभूमी खगोलशास्त्रातील आहे. आकाशात काही तारे एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात. हे जवळ असणे निव्वळ योगायोगाचे असू शकेल काय, असा विचार इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिचेल यांनी १७६७ मध्ये केला होता. बर्त्राँ यांनी त्याला नेमके रूप दिले. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदू यादृच्छिकपणे घेतले, तर त्यांच्यातील कोनीय अंतर १० कलांहून, म्हणजे एका अंशाच्या सहाव्या भागाहून, कमी असण्याची संभाव्यता किती?

पहिला बिंदू ध्रुव मानला, तर दुसरा बिंदू त्या ध्रुवाभोवतीच्या छोट्या टोपीत पडायला हवा. टोपीचे क्षेत्रफळ भागिले गोलाचे क्षेत्रफळ, असा हिशोब केला म्हणजे संभाव्यता सुमारे ४,७२,७०० मध्ये एक इतकी अल्प येते. आता दुसऱ्या रीतीने पाहू. दोन बिंदूंमधून एक बृहद्वर्तुळ जाते. सर्व बृहद्वर्तुळे सारखीच, म्हणून त्यांतले एक निश्चित धरले आणि दुसरा बिंदू त्या वर्तुळाच्या परिघावर कोठेही पडू दिला. परिघ ३६० अंशांचा. पहिल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना मिळून २० कला अनुकूल. उत्तर १,०८० मध्ये एक. दोन उत्तरांत ४३७ पटींहून अधिक तफावत आहे. पहिले खरे मानले तर आकाशातील जोडतारे योगायोगाने जवळ आलेले नाहीत असे म्हणण्याला मोठा आधार मिळतो. दुसरे मानले तर तो आधार पुष्कळच ढिला होतो.

अखेरची वर्षे व कुटुंब

बर्त्राँ यांचा परिवार हे फ्रेंच विद्वत्तेचे जणू एक गोत्रच होते. थोरले बंधू अलेक्सांद्र हे पुरातत्त्वज्ञ व सें-झेर्मे-आँ-ले येथील राष्ट्रीय पुरावस्तु संग्रहालयाचे पहिले संचालक होते. बहीण लुईझ यांचा विवाह गणितज्ञ शार्ल एर्मीत यांच्याशी झाला, आणि एर्मीत यांचे जावई एमिल पिकार हेही थोर गणितज्ञ. अलेक्सांद्र यांच्या कन्येचे पती गणितज्ञ पोल आपेल. जोझेफ यांचे पुत्र मार्सेल यांनी भूशास्त्रात, विशेषतः आल्प्स पर्वताच्या रचनेच्या अभ्यासात, नाव मिळवले. एप्रिल १९०० मध्ये जोझेफ बर्त्राँ यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. विज्ञान अकादमीचे सचिवपद त्यांच्यानंतर गास्ताँ दार्बू यांच्याकडे गेले.

मृत्यूनंतर

आंरी पॉइंकारे यांनी संभाव्यतेवरील आपल्या १८९६ सालच्या पुस्तकात जीवेच्या विरोधाभासाची चर्चा केली होती. एमिल बोरेल यांनी १९०९ मध्ये गोलाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. बोरेल हे आपेल यांचे जावई, म्हणजे नात्याने बर्त्राँ घराण्यातलेच. गोलावरील समान क्षेत्रफळांना समान संधी द्यायची असेल, तर बृहद्वर्तुळ निश्चित केल्यावर त्याच्या परिघावर सर्वत्र सारखी संधी उरत नाही, हे त्यांनी दाखवले. ध्रुवातून जाणारी रेखावृत्ते विषुववृत्तापाशी एकमेकांपासून दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना दाटत जातात. दोन लगतच्या रेखावृत्तांमधली पट्टी ध्रुवापाशी निमुळती होते, म्हणून तेथे बिंदूही कमी पडायला हवेत. दुसऱ्या रीतीत हे निमुळतेपण हिशोबात घेतलेले नसते. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ एडविन जेन्स यांनी १९७३ साली जीवेच्या प्रश्नावर असा युक्तिवाद केला की, वर्तुळाचा आकार व स्थान प्रश्नात सांगितलेले नाही, तेव्हा उत्तरही त्यांवर अवलंबून असता कामा नये. ही अट पाळली की निम्मे हेच उत्तर उरते. सर्वांना हा युक्तिवाद मान्य झालेला नाही.

विरोधाभासाची खरी कसोटी संगणकावर लागली. संगणक सामान्यतः शून्य व एक यांच्या दरम्यान समप्रमाणात विखुरलेल्या यादृच्छिक संख्या देतो. त्यांच्यापासून आकृतीच्या कडेवरचे बिंदू कसे तयार करायचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. वर्तुळाच्या बाबतीत केंद्राशी होणारा कोन यादृच्छिकपणे घेतला तर परिघाच्या समान तुकड्यांना समान संधी मिळते. त्याऐवजी क्ष-निर्देशक यादृच्छिकपणे घेऊन वर्तुळाच्या समीकरणावरून य-निर्देशक काढला, तर प्रत्येक बिंदू बरोबर परिघावरच पडतो, पण वरच्या व खालच्या बाजूला बिंदूंची गर्दी होते आणि डावी-उजवी टोके विरळ राहतात. क्ष-अक्षाच्या दोन्ही टोकांपाशी ६० अंशांचा एकेक वर्तुळकंस घेतला तर दोन्ही मिळून परिघाचा एक-तृतीयांश भाग होतो. या रीतीने तेथे सुमारे १३ टक्केच बिंदू पडतात. हा दोष आकृतीकडे ओझरते पाहून लक्षात येत नाही, हीच त्यातली मेख आहे.

वर्तुळाभोवतीच्या चौरसात बिंदू निवडून तो केंद्रातून जाणाऱ्या रेषेने परिघावर सरकवला, तर चौरसाच्या कोपऱ्यांच्या दिशांना दुप्पट दाटी होते. चौरसातले जे बिंदू वर्तुळाबाहेर पडतात ते टाकून दिले की हा पक्षपात नाहीसा होतो. जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात या युक्तीचा उपयोग आहे. शंभरातील सुमारे ७९ बिंदू उपयोगी पडतात, उरलेले वाया जातात आणि त्रिकोणमितीय फलांचा हिशोब वाचतो.

त्रिकोणाच्या कडेवर बिंदू घेताना आधी तीनपैकी एक बाजू निवडून मग तिच्यावर बिंदू घेणे ही नेहमीची चूक आहे. ३, ४ व ५ एकक बाजूंच्या त्रिकोणात असे केले तर ३ एककांच्या बाजूवर ५ एककांच्या बाजूइतकेच बिंदू पडतात आणि आखूड बाजू गजबजते. त्यापेक्षा तिन्ही बाजू सरळ उलगडून १२ एककांची एक पट्टी कल्पावी आणि शून्य ते १२ यांमधील संख्या घ्यावी. ३ पर्यंत पहिली बाजू, ७ पर्यंत दुसरी, पुढे तिसरी. कितीही बाजूंच्या बहुभुजाकृतीला ही रीत चालते. लंबवर्तुळाला मात्र ती तशीच लावता येत नाही. तेथे वर्तुळाप्रमाणे कोनरूप प्राचल समप्रमाणात घेतला तर मोठ्या अक्षाच्या टोकांपाशी बिंदू दाटतात. आणि लंबवर्तुळाच्या परिघाच्या लांबीला साधे सूत्र नसल्याने वक्राचे लहान लहान तुकडे करून त्यांच्या लांबीची बेरीज मांडावी लागते.

गोलाच्या बाबतीत तर बर्त्राँ यांचे दुसरे उत्तर आज्ञावल्यांत आजही जसेच्या तसे अवतरते. अक्षांश व रेखांश दोन्ही समप्रमाणात निवडले तर बिंदू ध्रुवांपाशी गोळा होतात, आणि एखाद्या ध्रुवापासून १० कलांच्या आत बिंदू पडण्याची संभाव्यता बरोबर १,०८० मध्ये एक इतकी येते. यावरचा उपाय आर्किमिडीजच्या काळापासून ठाऊक असलेल्या एका गुणधर्मात आहे. समान जाडीच्या समांतर कापांनी गोल कापला तर प्रत्येक कापाच्या बाह्य पृष्ठाचे क्षेत्रफळ सारखेच असते. म्हणून अक्षांशाऐवजी उंची समप्रमाणात निवडावी. वर्तुळाच्या परिघावर जी रीत चुकीची ठरते, तीच गोलाच्या पृष्ठभागावर बरोबर ठरते.

संगणकातील संख्या सान्त असतात. अनंताचा तेथे प्रवेशच नाही. तरीही तीन रीतींनी जीवा काढणारी आज्ञावली लाखो वेळा चालवली की तिन्ही उत्तरे वेगळीच येतात. यावरून बर्त्राँ यांनी अनंतावर ठेवलेला ठपका पूर्णपणे बरोबर नव्हता असे म्हणता येते, कारण निवडीची रीत न सांगणे हेच मूळ कारण होते. तिन्ही उत्तरांना सारखाच मान देण्याचा त्यांचा निर्णय मात्र टिकून आहे. ‘यादृच्छिक जीवा’ एवढेच सांगून आज्ञावली लिहिता येत नाही. परिघावरचे दोन बिंदू, व्यासावरचा एक बिंदू की वर्तुळातला एक बिंदू, हे पहिल्याच ओळीत लिहावे लागते.